दाराबाहेरचा नवरा

मंडळी, जॉन ह्यूजचा 'शीज् हॅविंग अ बेबी' (१९८८) पाहिलाय? शिकागोचं उपनगर, नवं लग्न, जाहिरात कंपनीतली नोकरी आणि "पाळणा कधी हलणार?" म्हणून मागे लागलेले घरचे. नायक जेक (केविन बेकन) बराच वेळ मनातल्या मनात पळवाटाच शोधत असतो. तोवर सगळं हसण्यावारी.

आता थोडा इतिहास. १९५०च्या दशकात बायकोच्या बाळंतपणात अमेरिकन नवरा वेटिंग रूममध्ये सिगारेटी फुंकत बसायचा. आत प्रवेशच नसे. मग लमाझ पद्धत आली, १९६५ साली डॉ. रॉबर्ट ब्रॅडलींचं पुस्तक आलं, जोडप्यांनी हट्ट धरला आणि दार हळूहळू उघडलं. १९८८ पर्यंत नवऱ्याने आत असणं तिकडे नेहमीचं झालं होतं.

म्हणूनच तो प्रसंग चटका लावतो. जेक आत असतो, थट्टामस्करी चालू असते. बाळ पायाळू आहे असं कळतं आणि त्याला बाहेर बसावं लागतं. पुन्हा तीच वेटिंग रूम! केट बुशने खास या प्रसंगासाठी लिहिलेलं गाणं सुरू होतं. हातात करण्यासारखं काहीच नाही, आठवणी तेवढ्या येत राहतात. जेक मोठा होतो तो तिथे, त्या खुर्चीत.

बापाच्या पिढीला बंद दाराची सवय होती. याने आत पाऊल टाकलं होतं, म्हणून त्याला ते जास्त लागलं. एखाद्या रविवारी बघाच.