मलंगगडाखालचा हार्टली

हेंद्रेपाड्यातल्या गच्चीवरून नैऋत्येला पाहिलं की मलंगगडाचा सुळका दिसतो. पावसाळ्यात तो दिवसदिवस ढगात असतो. १७८० च्या अशाच एका पावसाळ्यात त्या डोंगरावर इंग्रजांची एक तुकडी अडकून पडली होती. तिची सुटका करणाऱ्या जेम्स हार्टलीचा माग मी गेली काही वर्षं काढतो आहे.

कागद तसे हाताशी आहेत. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर, आणि मुंबई सरकारच्या दफ्तरातून फॉरेस्टने १८८५ मध्ये छापलेले निवडक कागद. त्यांत आपली गावं ओळखायला शिकावं लागतं. ‘डूगौर’ म्हणजे भिवंडीकडचं दुगाड, ‘कॅथीड्रल रॉक’ म्हणजे आपला मलंगगड. मराठी कागदांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांत तारीख ‘छ’पुढे चंद्राची आणि साल सुहूर सनाचं, तेही मृगापासून बदलणारं. त्यामुळे कल्याणची मे महिन्यातली चकमक ‘समानीन मया व अलफ’ सालात पडते आणि मलंगगडची ऑक्टोबरातली सुटका ‘इहिदे समानीन’मध्ये. मृगाचा हा हिशेब चुकला, तर एका मोसमातल्या दोन घटनांत वर्षाचं अंतर पडतं.

हार्टलीचा जन्म १७४५ चा. १७६४ मध्ये तो मुंबईच्या फौजेत आला. त्याचं नाव झालं ते मात्र पराभवात. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघालेली इंग्रज फौज घाट चढून पुढे सरकत होती. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, पडला आणि त्याच्या तुकड्या हार्टलीकडे आल्या. तळेगावाहून फौज मागे फिरली तेव्हा पिछाडी त्यानेच लढवली. वडगावला वरिष्ठांनी तहाची भाषा सुरू केली, तेव्हा अजून परत जाता येईल असं तो बजावत राहिला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सेनापती गॉडर्डच्या हाताखाली अहमदाबादच्या तटावर चालून गेलेल्या तुकडीचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. मे महिन्यात गॉडर्डने त्याला कोकणात धाडलं. कल्याण तेव्हा कॅप्टन कँपबेलच्या ताब्यात होतं आणि मराठ्यांचा वेढा आवळत आला होता. सकाळी हल्ला व्हायचा, त्याच्या आदल्या रात्री, २४ मे रोजी, हार्टली येऊन थडकला आणि त्याने थेट मराठी छावणीच गाठली.

मग मलंगगड. कॅप्टन ॲबिंग्टनने गडाची खालची माची घेतली, पण गडकरी वर बालेकिल्ल्यावर सरकले आणि तिथून हलले नाहीत. ज्यांनी तो वरचा कातळ जवळून पाहिला आहे, त्यांना याचं कारण सांगायला नको. खालून मराठी फौजेने वाट धरली आणि वेढा घालायला गेलेलेच वेढ्यात सापडले. १ ऑक्टोबरला हार्टलीने त्यांना सोडवलं.

हार्टली मला मोठा वाटतो तो इथे. वडगाव, कल्याण, मलंगगड, तिन्ही ठिकाणी घोळ दुसऱ्यांनी घातलेला, आणि निस्तरायला हा.

दुगाडलाही तो गॉडर्डच्या वसईच्या वेढ्याची पाठराखण करत होता. १० डिसेंबरपासून वीस हजारांहून अधिक मराठी फौज त्याच्यावर तुटून पडत होती. १२ तारखेला, मार्गशीर्षातल्या दाट धुक्यात, रामचंद्र गणेश कानडे निवडक लोक घेऊन चालून आले. सोबत नोरोन्हा हा पोर्तुगीज अधिकारी. धुक्याच्या आडून तोफांपर्यंत पोचायचं, असा बेत. पण हार्टलीने रातोरात दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर मोर्चे बांधून तोफा चढवल्या होत्या. धुकं एकाएकी विरलं आणि मराठी फौज तोफांच्या तोंडाशी उघडी पडली. रामचंद्र गणेश ठार झाले, नोरोन्हा जखमी झाला. उत्तरेची मोहीम गाजवलेला हा सरदार तिथे पडला, हे वाचताना आजही जीव हळहळतो. ज्या वसईसाठी ही धडपड, ती आदल्याच दिवशी गॉडर्डच्या हाती गेली होती.

इतकं करून हार्टलीच्या पदरात काय पडलं? वडगावनंतर मिळालेल्या बढतीने त्याने वरच्या अधिकाऱ्यांना मागे टाकलं, म्हणून ओरड झाली होती. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी ज्येष्ठतेचा नियम पुढे केला आणि बढती थांबवली. तो विलायतेला गेला. पुढे राजाच्या फौजेत ७५ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल होऊन परतला आणि डिसेंबर १७९० मध्ये मलबारात टिपूच्या फौजेवर त्याने जय मिळवला. शेवटी मेजर जनरल झाला.

इष्टुर फाकड्याचं स्मारक वडगावात आहे, लोक तिथे थांबतात. मलंगगडच्या वाटेवर हार्टलीचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ४ ऑक्टोबर १७९९ रोजी तो कण्णूरला वारला. गडावरच्या माणसांना त्याने सोडवलं, त्याला तेव्हा १९ वर्षं आणि तीन दिवस झाले होते.