एरर ३३९ ची कुळकथा

दिवाळीच्या आगेमागे वणी, राळेगाव, पांढरकवड्याच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतला फरक पावतीवर छापून निघतो. हे काम करणारा जुन्या वळणाचा प्रोग्राम म्हणजे समोर व्हिज्युअल बेसिक ६ ची एक खिडकी आणि मागे ॲक्सेसची एमडीबी फाइल. वर्षानुवर्षं तो बिनबोभाट चालतो. मग ऐन सीझनमध्ये संगणक बसतो. मालक नवा आणतात, प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्यावर टाकतात, डबल क्लिक करतात, आणि पडद्यावर उमटतं: रन-टाइम एरर ३३९. एमएसकॉम३२.ओसीएक्स किंवा ती जिच्यावर अवलंबून आहे अशी एखादी फाइल नोंदलेली नाही, गहाळ आहे किंवा खराब आहे. मुनीमजींचा फोन येतो, "भाऊ, कम्प्युटर तर चालू होऊन राहिला, पण काटा उघडून नाही राहिला."

काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टातून वजनाचे आकडे पाठवत असतो. ते पकडण्याचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः केलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टने दिलेला तयार तुकडा त्याने वापरलेला असतो, आणि तो तुकडा म्हणजेच ही फाइल. ती जुन्या संगणकात विंडोजच्या फोल्डरात बसलेली होती, प्रोग्रामच्या फोल्डरात नव्हे. पेनड्राइव्हवर ती आलीच नाही.

तयार तुकडे वापरायची ही पद्धत पार केंब्रिजपर्यंत मागे जाते. तिथल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं असली कामं पुन:पुन्हा लागतात हे लगेच ध्यानात आलं. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनले गिल यांनी अशा कामांचे तुकडे कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवले. १९५१ पर्यंत ८७ तुकडे जमले होते. ज्याला जो हवा त्याने त्याची नक्कल आपल्या पट्टीत उतरवून घ्यायची. या पद्धतीत जागा फार खर्च व्हायची, पण चालू प्रोग्रामने मध्येच "अमुक सापडत नाही" म्हणून हात वर करण्याचा प्रश्नच नव्हता. जे लागायचं ते सगळं त्याच पट्टीत असायचं.

साठच्या दशकात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स प्रणालीने वेगळी वाट धरली. तुकडा आधीपासून जोडून ठेवायचा नाही. प्रोग्राम चालताना पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा शोधून जोडायचा. एकच प्रत सगळ्यांनी मिळून वापरायची. माझ्या मते आपल्या ३३९ चा खरा जन्म इथला, कारण शोधणं आलं की न सापडणंही आलं.

१९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिला २५६ केबी मेमरी आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह पुरत होते. तेवढ्यात प्रत्येक प्रोग्रामने खिडक्या काढायची आणि अक्षरं उमटवायची आपापली सोय बाळगणं परवडणारं नव्हतं. म्हणून सामायिक फाइली आल्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या डीएलएल. गावकीच्या भांड्यांसारखा हा व्यवहार. लग्नाला सगळे तीच पातेली नेतात, पण एखादा परत करताना दुसरंच झाकण आणून ठेवतो आणि पुढच्या लग्नात ते पातेल्यावर बसत नाही. नव्वदच्या दशकात नेमकं हेच झालं. एका प्रोग्रामचं सेटअप सामायिक फाइलीवर आपली आवृत्ती चढवायचं आणि काल चालणारा दुसरा प्रोग्राम आज बंद पडायचा. जगभरचे प्रोग्रामर याला 'डीएलएल हेल' म्हणू लागले. विंडोज २००० ने मग आपल्या मुख्य फाइलींवर पहारा बसवला आणि २००१ च्या एक्सपीने एकाच फाइलीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली.

काट्याच्या प्रोग्राममागे असतो तसा डेटाबेस आपल्या भागात आला तो आधी सरकारी दारानं. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला जिल्हा होता आपल्या शेजारचा वर्धा. त्या काळात पडद्यावर देवनागरी आणायची तर जिस्ट कार्ड लागायचं. आयआयटी कानपूरमध्ये मूळ धरलेलं आणि सीडॅकने पुढे नेलेलं हे कार्ड खोक्यात नसेल तर मराठी उमटायची नाही. म्हणजे गहाळ तुकड्याचा त्रास तेव्हाही होता, फक्त तो तुकडा स्क्रू ड्रायव्हरने बसवायचा होता.

खाजगी दुकानदारी सुरू झाली ती डीबेस आणि फॉक्सप्रोवर. फॉक्सप्रो मूळ अमेरिकेतल्या फॉक्स सॉफ्टवेअरचं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. फॉक्सप्रोत केलेली ईएक्सई दुसऱ्या मशीनवर नेली की तिला सोबत ईएसएल फाइल हवी असायची. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ आलं, तेव्हा तिच्या जागी व्हीएफपी९आर.डीएलएल आली. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला, पण त्याने प्रोग्राम बंद झाले असं थोडंच आहे.

आता काट्याकडे. अनेक जण इथे पहिली चूक करतात ती ही, की पडद्यावर दिसलेलं नाव नेटवर टाकून जी 'फुकट डीएलएल' मिळेल ती उतरवून घेतात. ती कोणत्या आवृत्तीची, कोणी हात लावलेली, काही सांगता येत नाही. मूळ सेटअप किंवा जुनी डिस्क जिवंत असेल तर फाइल तिथूनच घ्यावी. दुसरी गोष्ट, संदेशातलं नाव नेहमी खऱ्या गुन्हेगाराचं नसतं. नाव घेतलेली फाइल जागेवर असते, पण तिला लागणारी तिसरीच गायब असते. अशा वेळी स्टीव्ह मिलर यांचं डिपेंडन्सी वॉकर उपयोगी पडतं. कोण कोणावर अवलंबून आहे याची वंशावळच ते मांडतं. मात्र विंडोज १० वर ते ज्यांची खरी अडचण नसते अशा फाइलींनाही लाल खूण करतं, तेव्हा प्रत्येक लाल ओळीने घाबरू नये.

व्हिज्युअल बेसिकचा मुख्य रनटाइम आजच्या विंडोजसोबत येतोच, ॲक्सेसची एमडीबी फाइल वाचणारं जेटही येतं. येत नाहीत त्या एमएसकॉम३२ सारख्या जोडफाइली. प्रोग्राम ३२ बिटचा असल्याने ६४ बिटच्या विंडोजवर ही फाइल साधारणपणे सिसडब्ल्यूओडब्ल्यू६४ या फोल्डरात टाकतात आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून रेगएसव्हीआर३२ ने नोंदवावी लागते. नावात ३२ असलेल्या सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली आणि नावात ६४ असलेल्या फोल्डरात ३२ बिटच्या. हे ज्याने ठरवलं त्याला नोव्हेंबरातल्या एखाद्या दुपारी काट्याच्या खोलीत बसवायला हवं. नोंद झाली की प्रोग्राम उघडतो. तरी वजन शून्यच दिसलं तर बहुधा पोर्टाचा नंबर बदललेला असतो. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतो, यूएसबीचं कन्व्हर्टर लावावं लागतं आणि कॉम १ चा कॉम ३ होऊन बसतो.

मेमरी आणि डिस्क स्वस्त झाल्यापासून प्रोग्राम पुन्हा आपापलं सामान सोबत घेऊन फिरू लागले आहेत. विंडोजही डीएलएल शोधताना साधारणपणे आधी प्रोग्रामच्याच फोल्डरात पाहतं. तेव्हा लागणाऱ्या सगळ्या फाइली ईएक्सईच्या शेजारी ठेवून देणं प्रोग्रामवाल्याला जड नाही. ओसीएक्सची नोंद तेवढी सेटअपने करून द्यावी.

जिनिंगवाल्यांना, आडत्यांना आणि अजून जुन्या प्रोग्रामवर खातेवही चालवणाऱ्या पतसंस्थांना एवढंच सांगणं आहे. बिलासोबत सेटअपचं पूर्ण फोल्डर मागून घ्या, नुसती ईएक्सई घेऊ नका. आणि दसऱ्याआधी एकदा ते कोऱ्या लॅपटॉपवर, नेट बंद ठेवून, चढवा आणि एक खोटी पावती छापून बघा.