असोद्याचं माहेर, जळगावचं जातं

असोदे ते जळगाव हे अंतर पायी जाण्याइतकंच. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांनी ते तेराव्या वर्षी लग्न होऊन ओलांडलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या गाण्यांमधून त्याच वाटेनं परत जात राहिल्या. 1880 साली असोद्याच्या उखाजी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईचं नाव भिमाई. जळगावला नथुजी खंडेराव चौधरी यांच्या घरी त्या नांदायला आल्या. तिशीतच वैधव्य आलं, पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुलं. प्लेगनं ओंकारला कायमचं अपंगत्व दिलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेत, गोठा, चूल आणि दळण एवढ्यात दिवस सरायचा.

आम्ही खानदेशातल्या बाया बहिणाबाईंना दैवी चमत्कार म्हणून मिरवतो, ते मला पटत नाही. त्यांची प्रतिभा मोठी होतीच. पण ज्या रीतीत ती वाढली, ती घराघरांत होती. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे निदान आठ-नऊशे वर्षं धान्य आणि गाणं एकत्र चाललं आहे. संत जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल दळायला बसतो, ही कथा याच मातीतली.

माझी आजी यावलकडची. पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, ती जात्यापाशी बसायची. समोर चुलतआजी. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीनं घास घालायचा, दुसरीनं फेर तुटू द्यायचा नाही. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला, आणि भाऊ आला की माहेर आलंच. सासूनणंदेबद्दल जे तोंडावर बोलता येत नव्हतं, तेही ओवीत बोलता यायचं. जात्याच्या घरघरीत ते कोणाच्या कानावर पडलं तरी गाणंच ठरायचं. पुढे आम्ही आजीला म्हणायचो, गाऊन दाखव. नुसती बसून तिला दोनच्या वर ओव्या आठवत नसत. खुंटा हातात दिला की मात्र ओवीमागून ओवी यायची.

आमच्याकडे माहेराची आठवण काढायला वर्षातला ठरलेला सणही आहे, आखाजी. अक्षय तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, झिम्मा-फुगडी खेळतात. सण सरला की परत सासर. बहिणाबाईंच्या कवितेत आखाजी आहे, माहेरची वाट आहे, आणि एक योगीही आहे. माहेराचं इतकं कौतुक गातेस तर सासरी आलीस कशाला, असं तो एका सासुरवाशिणीला विचारतो. लेकीला माहेर मिळावं म्हणून माय सासरी नांदते, हे तिनं दिलेलं उत्तर मुलीची आई झालेल्या बाईलाच सुचावं असं आहे. तेरा वर्षांची नवरी ते देऊ शकली नसती. माहेर सुटून बरीच वर्षं जावी लागतात, आपल्या अंगणात लेक खेळावी लागते, तेव्हा आपल्या आईनं आपल्यासाठी काय सोसलं ते दिसतं. तरुणपणाचा हुरूप या कवितेत कमी, आयुष्य दळून काढलेल्या बाईचं शहाणपण जास्त. मला ती म्हणूनच मोठी वाटते.

पण शहाणपण आजीकडेही होतं, आणि तिच्या शेजारणींकडेही. मग फरक कशाचा? बहिणाबाईंच्या घरात ऐकणारा होता. सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी, आई शेतात-घरात काम करताना जे म्हणायची, त्यातलं हाती लागलं तेवढं वहीत टिपून ठेवलं. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. पहिल्या आवृत्तीत अवघ्या 35 कविता. न टिपलेल्या किती, याचा विचार केला की जीव हळहळतो.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आजीला आनंदच झाला, हे सांगायला हवं. जात्याला टाकी लावून घ्या, पहाटे उठा, खांदे दुखवा, यातून ती सुटली. त्या सुटकेचं मोल जुन्या गाण्यांच्या हौसेपायी कमी लेखू नये. डाळ भरडण्यापुरतं जातं कोपऱ्यात राहिलं. ओव्या मात्र वर्षभरातच विरळ झाल्या, कारण गिरणीपुढे डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचे हात रिकामे असतात आणि आजूबाजूला पुरुष असतात.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीपासून अशा विरत चाललेल्या ओव्या टिपण्याचं काम हाती घेतलं. गावोगावच्या बायांनाच सोबत घेऊन त्यांनी ओव्या गोळा केल्या. गाणारणीचं नाव, गाव, जात, सगळं टिपलं. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो साठा आहे. सोपानदेवांनी एका आईसाठी केलं ते इथं हजारो बायांसाठी झालं. यावल-रावेरच्या आमच्या वाड्यांमधून त्या वेळी कोणी असं फिरलं असतं, तर आजीच्या ओव्याही तिच्या नावानिशी राहिल्या असत्या. आता मी आणि माझी धाकटी बहीण आठवून आठवून लिहितो. सासरच्या ओव्यांचे तुकडेच हाती लागतात. माहेरच्या मात्र पुऱ्या आठवतात, आजीच्या लेवा बोलीतल्या हेलासकट, आणि त्या आम्ही तिच्या नावाखाली, तिच्या माहेराच्या गावासह उतरवून घेतो आहोत.