आर्नोकाठचा कोल्हापूरकर

फ्लॉरेन्स पाहून आलेल्या माणसाला ‘काय पाहिलेत?’ म्हणून विचारावे, तर तो एका दमात घुमट, पूल आणि पुतळा अशी तीन नावे सांगून मोकळा होतो. घुमट ब्रुनेलेस्कीने बांधलेला, १४३६ साली पुरा झालेला. पूल म्हणजे सोनारांच्या दुकानांनी दाटलेला पाँते व्हेक्यो, आणि पुतळा मायकेल अँजेलोच्या डेव्हिडचा. ही तीन स्थळे आम्हीही पाहिली. माझा धाकटा भाऊ मिलानकडे नोकरीस आहे. मे महिन्याच्या सुटीत त्याने आम्हा उभयतांना बोलावून घेतले आणि आगगाडीने फ्लॉरेन्सला धाडून दिले. घुमटाच्या ४६३ पायऱ्या हिने माझ्या आधी चढून दाखवल्या. आमच्या मंगरूळपिराहून आलेल्या बाईने एवढे केले, हे इथे नमूद करणे मला भाग आहे. नाहीतर दिवाळीचा फराळ बेचव व्हायचा!

परंतु फ्लॉरेन्सला जायचेच असा माझा हट्ट होता, तो या तिघांसाठी नव्हे. कोल्हापूरच्या गादीचा इतिहास मुलांना सांगताना दरवेळी एक ओळ माझ्या जिभेला अडखळवीत असे : राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात वारले. बस्स, इतकेच. वारले ते कोठे, कसे, आणि त्या परक्या मुलखात त्यांना अग्नी कोणी दिला, हे ती ओळ सांगत नाही.

हे राजाराम म्हणजे शिवप्रभूंचे धाकटे चिरंजीव नव्हेत. त्यांचा जन्म १८५० सालचा. मूळचे ते पाटणकरांच्या घरातले नागोजीराव. १८६६ साली मामांच्या पश्चात दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. वय अवघे सोळा. इंग्रजी शिकले, वाचनाची गोडी लागली, आणि १८७० च्या मे महिन्यात कॅप्टन वेस्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, असे भलेभले मानीत होते तो हा काळ. विलायतेस जाणाऱ्या पहिल्या हिंदू राजांपैकी ते एक. राज्याला वारस नाही, आणि राजा सातासमुद्रापार निघालेला! त्या दिवशी कोल्हापूरच्या वाड्यात किती घरांत चूल पेटली असेल, कोण जाणे.

लंडनमध्ये त्यांनी काय पाहिले नाही? व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहिले, दादाभाई नौरोजींची गाठ पडली. आणि हे सारे ते दररोज रोजनिशीत टिपून ठेवीत होते, तेही स्वतः इंग्रजीत. वीस वर्षांचा तरुण दिवसभर हिंडून रात्री दिव्यापाशी बसतो आणि आज काय पाहिले ते लिहून काढतो, हे चित्र मला मास्तर म्हणून फार आवडते. पुढे १८७२ साली वेस्टसाहेबाने ती रोजनिशी लंडनला छापली. तिच्यामुळेच हा राजा आपल्याला थोडाफार बोलताना ऐकू येतो.

नोव्हेंबरात परतीचा प्रवास सुरू झाला. तेव्हा फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपलेले, पॅरिसला वेढा पडलेला. म्हणून मंडळी बेल्जियम, जर्मनी आणि टिरोलचे डोंगर या वाटेने इटलीकडे उतरली. ऐन थंडीचे दिवस. वाटेतच महाराजांची प्रकृती ढासळली, ती फ्लॉरेन्सला आल्यावरही सावरली नाही. ३० नोव्हेंबर १८७० रोजी आर्नो नदीकाठच्या एका हॉटेलात त्यांनी देह ठेवला.

आता पुढला पेच पाहा. फ्लॉरेन्स त्या वेळी नुसते कलानगर नव्हते. १८६५ पासून ते साऱ्या इटलीच्या राज्याची राजधानी होते. रोम हाती आले होते, पण दरबार अजून तिकडे हलायचा होता. त्या शहरात प्रेत पुरायचे, जाळायचे नाही, असा कायदा. मिलानमधले दहनगृह निघाले ते १८७६ साली, म्हणजे आणखी सहा वर्षांनी. आणि इथे कोल्हापूरची चाकर मंडळी म्हणत होती, आमच्या राजाला अग्नीच द्यावा लागेल, आणि तोही दोन नद्यांच्या संगमावर! इंग्रज वकिलातीने खटपट केली, नगराध्यक्ष उबाल्दिनो पेरुत्सी यांनी परवानगी दिली, आणि त्याच रात्री हॉटेलच्या गाडीतून राजाचा देह शहराबाहेर नेण्यात आला. आर्नोला मुन्योने नावाची लहानशी नदी जिथे मिळते, तिथे चिता रचली. तूप, कापूर सारे यथासांग. अशी चिता कधी पाहिली नव्हती म्हणून कडाक्याच्या थंडीतही शहरातले लोक जमले. ज्या कायद्याने आपल्या लोकांना मोकळीक नव्हती, तो एका परक्या पोरासाठी एका रात्रीपुरता बाजूला ठेवणाऱ्या त्या नगराध्यक्षाला मी मनोमन हात जोडले.

ते ठिकाण ज्या उद्यानाच्या टोकाला आहे, त्याचे नाव काशीने. मेदिची घराण्याच्या गाईगुरांचे गोठे तिथे होते, त्यावरून हे नाव पडले. मी हे समजावून सांगत होतो, तर ही मध्येच म्हणाली, ‘‘गोठे असोत की काही असो, नाव तर काशीचंच हाये ना! अन् संगमही हाये.’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उद्यान फार लांबट आहे. झाडांच्या रांगांमधून आम्ही तासभर तरी चाललो असू. बायका बाबागाड्या ढकलीत होत्या, कोणी कुत्री फिरवीत होते. आणि एकदम समोर घुमटाची छत्री दिसली! आपल्याकडे नदीकाठी राजेलोकांच्या असतात तशीच. तिच्याखाली फेटा बांधलेला, दागिने ल्यालेला, रंग दिलेला तरुण मुखवटा. शिल्प चार्ल्स फुलर या इंग्रजाचे, साल १८७४, खाली चार भाषांतला लेख. छत्रीची आखणी चार्ल्स मँटची. अंबाबाईच्या दर्शनाला गेलेल्या वाचकांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिलाच असेल. त्याचाही आराखडा याच मँटचा. राजाला परतून वाडा पाहता आला नाही, पण वाड्याचा कारागीर त्याच्यासाठी इथवर पोचला.

फ्लॉरेन्सकर त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात. म्हणजे हिंदी माणूस. जवळच १९७८ साली झालेला मोठा पूलही त्याच नावाचा. राजाराम हे नाव तिथल्या कितीजणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. पण यात मला वाईट वाटले नाही. आमचे गाव मूळचे मंगरूळ. हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे त्याच्यापुढे ‘पीर’ जोडले गेले. त्या पिराचे नाव विचारले तर आमच्या गल्लीतली पोरेही एकमेकांकडे पाहतात. पण पत्ता लिहिताना पीर कोणी गाळीत नाही.

छत्रीपाशी ही बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘‘वीस वर्सांचाच होता. अन् मंग त्याईच्या राणीचं काय झालं?’’

मी पंधरा-वीस वर्षे हा इतिहास शिकवतो, पण वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र इतिहासात आहे. दुःखाला फार दिवस मिळाले नाहीत; गादी मोकळी ठेवणे धोक्याचे होते. १८७१ साली राणीसाहेबांनी नारायणराव या लहान मुलाला दत्तक घेतले. तेच चौथे शिवाजी. पुढे त्यांना वेडे ठरवून कोंडण्यात आले. त्यांच्या छळाविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ते हेच प्रकरण. १८८३ च्या नाताळात अहमदनगरच्या किल्ल्यात हा तरुण राजाही गेला. पुन्हा एक तरुण विधवा, पुन्हा दत्तक. १८८४ साली त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंत मांडीवर घेतला. त्याचे नाव शाहू ठेवले.

मी हे सांगितले तसे हिने पिशवीतून दोन झेंडूची फुले काढली. शहरातल्या बाजारात ती सकाळी कशाला घेतली, हे मी विचारले नव्हते. छत्रीभोवती लोखंडी कुंपण आहे, म्हणून ती तिने गजांतून आत टाकली आणि मग आम्ही संगमावर जाऊन उभे राहिलो. मुन्योनेचे पाणी उन्हाळ्यामुळे अगदीच थोडे होते.