हस्तप्रक्षालन आणि वैद्यकीय नीती : व्हिएन्नाचा धडा

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी प्रशिक्षण घेत. १८४६ मध्ये पहिल्या विभागातील मातामृत्यूचे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर दुसऱ्यातील ३ टक्क्यांहून कमी होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत, हेच त्याचे कारण असल्याचे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले. मे १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले. तरीही अनेक ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञांनी ही उपपत्ती नाकारली. ती स्वीकारल्यास रुग्णाच्या मृत्यूस आपलेच हात कारणीभूत झाल्याचे मान्य करावे लागणार होते. म्हणूनच वैद्यकीय शिक्षणात हस्तप्रक्षालन ही केवळ आरोग्याची सवय न राहता व्यावसायिक नीतीची पहिली कसोटी ठरते.