गोव्याची पूड आणि धोब्यावरचा आळ

मागच्या जुलैत रोज ऑफिसला पोचेपर्यंत जीन्स ओली व्हायची आणि एसीत बसून अंगावरच वाळायची. पंधरा दिवसांत जांघेत गोल लाल चट्टा उठला. खाज अशी की मीटिंगमध्ये बसवेना. सांगणार कुणाला? गुपचूप केमिस्टकडून एक ट्यूब आणली. चार दिवसांत खाज गायब! ट्यूब थांबवली आणि चट्टा दुप्पट होऊन परत आला. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "नायटा आहे. तुमच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे, त्याने खाज दबते, पण बुरशी निवांत पसरते," त्या म्हणाल्या.

मग काय, शनिवारी नायट्याचा इतिहास उकरायला बसलो.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनाही उकाड्या-पावसाळ्यात हाच त्रास व्हायचा. त्यांनी त्याला नाव दिलं 'धोबी इच'. म्हणजे दोष धोब्याच्या धुण्याचा! कपड्यांतून बुरशी पसरू शकते हे खरं, पण ती फोफावते ओल, घाम आणि उबेवर. ऋतू राहिला बाजूला, आळ आला गरीब धोब्यावर.

औषधाचं नावही असंच फसवं. नायट्यावर मिळायची पिवळसर तपकिरी 'गोवा पावडर'. ती गोव्यातून यायची, म्हणून गोव्याची. पण १८७५ च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी दाखवून दिलं की ही तर आमच्याकडच्या अरारोबा झाडाची पूड! खोडाच्या भेगांत ती साठते, झाड तोडून खरवडून काढतात. ब्राझील पूर्वी पोर्तुगीजांचं, गोवाही पोर्तुगीजांचं. त्याच वाटेने ती आपल्याकडे आली होती.

खरी गंमत पुढेच आहे. १८७६ मध्ये लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यांना आढळलं की हीच पूड सोरायसिसवरही चालते, आणि हे कळलं तेही सोरायसिसला नायटा समजल्यामुळे! वास्तविक सोरायसिस बुरशीचा नाही, संसर्गजन्यही नाही. तो बऱ्याच जणांना छळतो थंडीत, हवा कोरडी आणि ऊन कमी असताना. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही पूड मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तिथे तिच्याऐवजी प्रयोगशाळेत बनवलेलं डिथ्रॅनॉल आलं. सोरायसिसवर ते अजूनही वापरलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, चूक पथ्यावरच पडली की! पडली, पण दर वेळी तसं होत नाही. माझी चूक केमिस्टच्या काउंटरवर झाली, आणि निस्तरायला दोन महिने लागले. बग न शोधता एरर मेसेज तेवढा लपवला, दुसरं काय!

असो. यंदा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडी पँट ठेवली आहे. तुम्हीही ठेवा. आणि चट्टा उठलाच, तर लाजू नका. सरळ डॉक्टरकडे जा.