पंधरा येन, पन्नास सेन

"जूगोएन गोजिस्सेन म्हण!"

तुमच्या छातीसमोर बांबूचा भाला आहे. टोक तिरकं छाटलेलं, कापलेली कड अजून हिरवी. धरणाऱ्याच्या उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलंय आणि त्याच्या डोळ्यांत रागापेक्षा भीती जास्त आहे. तारीख 3 सप्टेंबर 1923, गाव तोक्यो. परवा, शनिवारी, 11 वाजून 58 मिनिटांनी जमीन हलली तेव्हा घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली पेटल्या होत्या. लाकडाची घरं आणि वर सोसाट्याचा वारा. एकट्या होंजोच्या मोकळ्या मैदानात जीव वाचवायला गोळा झालेली सुमारे 38 हजार माणसं आगीच्या भोवऱ्यात गेली. आता अफवा उठली आहे की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. कोरियन जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा ज आणि ग जड जातो, म्हणून 'पंधरा येन पन्नास सेन' ही नाक्यानाक्यावरची परीक्षा. अडखळला तो संपला. या काही दिवसांत हजारो जण असे मारले जातील.

मराठीनं तुम्हाला दोन ज दिलेत, एक जागेतला, एक जिवातला. नेमका जिवातला तोंडी येतो. भाला बाजूला होतो.

हाराजुकूत ज्या घरी तुम्हाला जायचंय, ते दारातल्या चपलांवरून ओळखायचं. लाकडी खडावा, गवती सपाता, राखेनं पांढरे पडलेले बूट. मिकाओ उसुईंकडे आलेल्यांची पायताणं दाराबाहेर मावत नसत, असं पुढे त्यांच्या स्मारकशिळेवरही कोरलं जाईल. हे गृहस्थ आता 58 वर्षांचे. आयुष्यात बऱ्याच उद्योगांत हात घातला, यश फारसं कुठे आलं नाही. गेल्या वर्षी क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर 21 दिवस उपाशी ध्यानाला बसले, तिथे काहीतरी गवसलं म्हणतात, आणि एप्रिल 1922मध्ये इथे येऊन शिकवायला लागले. त्या गवसलेल्या, हात ठेवून बरं करण्याच्या विद्येचं नाव रेकी. (आपल्या वर्तमानपत्रांत चोर दरोड्याआधी करतात ती वेगळी.)

उसुई घरी नाहीत. भूकंपानंतर ते रोज शहरात फिरून लोकांवर हात ठेवताहेत. एक वयस्क शिष्या तुम्हाला आत घेते, पाण्याचं भांडं पुढे करते आणि म्हणते, "बसा. हात लावण्याआधी हे शिकायचं."

हे म्हणजे पाच गोष्टी. सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसायचं, त्या तोंडानं म्हणायच्या आणि मनात धरायच्या. रागावू नये. काळजी करू नये. कृतज्ञ राहावं. आपलं काम नेटानं करावं. माणसांशी मायेनं वागावं. आधी मन निरोगी, मग शरीर, असा उसुईंचा क्रम. एवढंच असतं तर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापाशी थांबावं तसं आपण क्षणभर थांबलो असतो आणि पुढे गेलो असतो. पण यादीच्या डोक्यावर दोन शब्द आहेत: क्यो दाके. फक्त आज.

"जन्मभराची शपथ नाही?" तुम्ही विचारता.

"इथे कोण घेईल?" ती कोपऱ्याकडे बघते. तिथला माणूस कालपासून भिंतीकडे तोंड करून बसलाय. बायको होंजोच्या मैदानात गेली होती. "दिवस मावळेपर्यंत जमतंय का बघायचं. उद्याचं उद्या म्हणू."

ही विद्या पुढे हवाई बेटांवरून अमेरिकेत जाईल, गुरुपदाची दक्षिणा 10 हजार डॉलरवर पोचेल आणि आपल्याकडे शनिवार-रविवारच्या शिबिरातून प्रमाणपत्रं मिळतील. हातातून खरंच काही वाहतं का, हे शंभर वर्षांनंतरही कुठल्या यंत्राला दाखवता आलेलं नाही. मला विचाराल तर वाहत नसावं. भाजलेल्याला आधी डॉक्टरच हवा. पण बाहेर भीतीचा राग होतोय आणि रागाचा भाला, त्या आठवड्यात 'फक्त आज रागावू नकोस' हे वाक्य मला कुठल्याही ऊर्जेपेक्षा जड वाटतं.

संध्याकाळी दार सरकतं. वाकून आत येणाऱ्याच्या उजव्या तळहाताला फडकं आहे. भाला त्यानं बाहेर चपलांशेजारी टेकवून ठेवलाय.

शिष्या फडकं सोडवते. आतली कातडी पांढरट, सुटलेली. ती जखम धुते, वर स्वच्छ कापड ठेवते आणि तुमच्याकडे बघते. तुमची पाळी.

त्यानं तुम्हाला ओळखलेलं नाही. तुम्ही दोन्ही हात जोडता, मनातल्या मनात दोन शब्द म्हणता आणि तळवे त्याच्या हातावर, कापडाला न टेकवता, बोटभर वर धरता. खालून ऊब येते. त्याच्या जखमेची की तुमच्याच हातांची, सांगता येत नाही. जमीन पुन्हा थोडी हलते, भांड्यातलं पाणी थरथरतं. तो डोळे गच्च मिटून घेतो.